संस्थेचा ऑफिसखर्च कसा वाचावा : देणगी देणाऱ्यांसाठी

देणगीचा चेक लिहिण्याआधी माणसं एक प्रश्न हमखास विचारतात. "यातले ऑफिसखर्चाला किती जाणार?" मी बेळगाव शहरातल्या आणि खानापूर, चिकोडीकडच्या काही छोट्या संस्थांची किर्द-खतावणी लिहिते. पतसंस्थेतून निवृत्त झाल्यावर हेच काम धरलं. प्रश्न विचारूच नये असं मी म्हणणार नाही. कष्टाचा पैसा देताय, विचारायलाच हवं. पण हाच प्रश्न पहिला विचारला की चांगल्या संस्था मागे पडतात आणि गोड बोलणाऱ्या पुढे जातात, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. म्हणून तो तिसरा विचारा. पहिला प्रश्न : काम काय झालं? दुसरा : ते काम करतं कोण, आणि ती माणसं पुढच्या वर्षी टिकतील का? मग तिसरा : पैसा कुठे कुठे गेला?

आधी कागद मागा

तोंडी उत्तरावर जाऊ नका. गेल्या दोन-तीन वर्षांचं जमा-खर्च पत्रक, ताळेबंद आणि ऑडिटरचा अहवाल मागा. व्यवस्थित संस्था हे कागद देताना कां-कू करत नाही. फार तर "चार दिवसांनी या, झेरॉक्स काढून ठेवते" म्हणेल. तेवढी सवड द्या.

आपल्या भागात एक घोटाळा नेहमी होतो. कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडचे पाहुणे सांगतात, "धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का विचार." ती पद्धत महाराष्ट्रातली. इकडे कर्नाटकात सोसायटी असेल तर ती कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खाली जिल्हा निबंधकांकडे नोंदलेली असते. ट्रस्ट असेल तर उपनिबंधक कार्यालयात नोंदवलेलं ट्रस्ट डीड असतं. सोसायटीला दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि कार्यकारिणीची यादी व ताळेबंद निबंधकांकडे द्यावे लागतात. "मागची सभा कधी झाली, इतिवृत्त बघायला मिळेल का?" एवढं विचारलंत तरी संस्थेची अर्धी प्रकृती कळते.

आता ऑफिसखर्चाचीच गोष्ट बघा. हे कागद तयार करायला माणूस लागतो. सरकारी पत्रव्यवहार कन्नडमध्ये, देणगीदार मराठी, ऑडिटरचा अहवाल इंग्रजीत. तिन्हीकडचं नीट लिहिणारी व्यक्ती फुकट मिळत नाही. मिळाली तरी दोन-तीन महिन्यांनी तिला पगाराची नोकरी लागते आणि फाइल तिथेच अडकते.

एक हिशेब उघडून बघू

समजा खानापुरात मुलींचं वसतिगृह आहे. जांबोटी, कणकुंबी आणि भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवरच्या चोवीस मुली तिथे राहून शिकतात. त्या भागात पावसाळ्यात ओढे भरले की रस्ता बंद, गाडी बंद, आणि दहावीनंतर शाळा सुटते ती कायमची. हे वसतिगृह त्यासाठीच आहे. वर्षाचा खर्च बारा लाख. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण अशा संस्थांच्या वह्यांत खर्चाची मांडणी साधारण अशीच असते :

किराणा, भाजी, दूध, गॅस : ४,३०,००० रुपये
अधीक्षिका, स्वयंपाकीण आणि रात्री थांबणाऱ्या बाई, तिघींचे पगार : ३,९०,०००
जागेचं भाडं : १,४४,०००
वह्या-पुस्तकं, शिकवणी : ९०,०००
वीज-पाणी : ४८,०००
औषधपाणी आणि प्रवास : ३६,०००
अर्धवेळ हिशेबनीस : ३६,०००
ऑडिट, बँकेचे चार्जेस, टपाल, छपाई, संगणक : २६,०००

यात ऑफिसखर्च किती? शेवटच्या दोन ओळी धरल्या तर बासष्ट हजार, म्हणजे पाच टक्क्यांच्या जरा वर. तेच एखाद्याने पगार, भाडं आणि वीजही "चालू खर्च" म्हणून त्यात घातली तर सहा लाख चव्वेचाळीस हजार होतात. जवळजवळ चोपन्न टक्के. वसतिगृह तेच, मुली त्याच, वर्ष तेच. एका मोजणीने संस्था आदर्श ठरते, दुसरीने उधळी. म्हणून कुणी टक्का सांगितला की तिथल्या तिथे विचारा : "यात काय काय धरलंय?" ते न सांगता आलेला टक्का वाऱ्यावरचा समजा.

आता पगाराच्या ओळीकडे जवळून बघा. रात्री दोनला एखाद्या पोरीला ताप चढतो. बाहेर पाऊस, लाइट गेलेली. तेव्हा तिच्या कपाळावर घड्या ठेवणारी, रिक्षावाल्याला फोन करून उठवणारी, तालुक्याच्या दवाखान्यात केसपेपर काढून पहाटेपर्यंत बाकावर बसून राहणारी बाई म्हणजे ती अधीक्षिका. एखाद्या मुलीचं लग्न ठरवून वडील तिला न्यायला आले तर दारात उभं राहून "आधी बारावी होऊ दे, दादा" म्हणणारीही तीच. तिचा पगार तुम्ही ऑफिसखर्चात घालणार की कामात? मुलींचं वसतिगृह म्हणजे मुख्यतः ती बाईच. इमारत भाड्याने मिळते.

म्हणून टक्क्याऐवजी मुलीमागचा खर्च काढा. बारा लाख भागिले चोवीस, म्हणजे वर्षाला पन्नास हजार. मग विचारा, पाच वर्षांपूर्वी आलेल्यांपैकी किती जणी बारावी झाल्या, किती जणी मधूनच घरी गेल्या, का गेल्या. या उत्तरांतून तुमच्या पैशाचं काय झालं ते खरंखुरं कळतं.

वडगावातले एक वयस्कर देणगीदार मला म्हणाले होते, "अक्का, मी पाच हजार दिलो की, पण ते पोरींच्या ताटातच जायला पाहिजे हं." मी म्हटलं, "मामा, ताटातच जातील. पण ताट वाढतंय कोण, ते बघायला एकदा या." ते आले, जेवून गेले, आणि पुढच्या खेपेला पावतीवर काय लिहायचं ते आमच्यावर सोडलं. देणगीदाराला बोलावून काम दाखवलं की निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

बारीक वाटणाऱ्या ओळी

त्या छत्तीस हजारांच्या हिशेबनीसावर सगळ्यांचा डोळा असतो. "महिन्याला तीन हजार कशाला? घरचंच कुणीतरी लिहील की." तर तो काय करतो ते बघा. तुम्हाला देणगीवर आयकराची (जुन्या कायद्यातल्या ८० जी कलमाची) सवलत हवी असते. त्यासाठी संस्थेला प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम असलेलं विवरणपत्र आयकर खात्याकडे ३१ मेपर्यंत भरावं लागतं आणि तिथून निघालेलं प्रमाणपत्र तुम्हाला द्यावं लागतं. १९६१च्या आयकर कायद्यात हे फॉर्म १० बीडी आणि १० बीई. १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे, त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये शुल्क अशी त्या जुन्या कायद्यातली तरतूद. पॅनचं एक अक्षर चुकलं तरी तुमची सवलत अडकते आणि तुम्ही फोन कुणाला करता? त्या हिशेबनीसालाच. तुमची करसवलत त्या ऑफिसखर्चातूनच तयार होते.

करसवलतीचंच निघालं म्हणून सांगते. दोन हजारांच्या वर रोख दिलंत तर सवलत मिळत नाही. आणि तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट मुळातच नाही. दर मार्चला पावतीसाठी धावपळ करणाऱ्यांनी हे आधी बघून घ्यावं.

ऑडिट फी, बँकेचे चार्जेस, कार्डाने आलेल्या देणगीवर पेमेंट कंपनीने कापलेले साधारण दोन टक्के, ई-स्टॅम्प, वार्षिक सभेच्या नोटिसा, यांवर मी फार लिहीत नाही. ते लागतंच. या ओळी दिसल्या तर बरं वाटायला हवं. त्या नसतील तर ऑडिट कोण आणि कसं करतंय हा प्रश्न आहे.

कायद्यातले टक्के कुणाला लागू होतात

इथे फार गोंधळ आहे, म्हणून जरा सविस्तर.

"वीस टक्क्यांच्या वर ऑफिसखर्च बेकायदेशीर आहे," असं छातीठोकपणे सांगणारी माणसं भेटतात. ती मर्यादा परदेशी देणग्यांच्या कायद्यातली आहे, एफसीआरए २०१० मधली. पूर्वी ती पन्नास टक्के होती, २०२०च्या दुरुस्तीने वीस झाली. ती फक्त परदेशातून आलेल्या पैशाला लागते. गल्लीतून जमवलेल्या देणगीचा तिच्याशी संबंध नाही. आणि त्या कायद्याच्या नियमांतही दवाखान्यातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत. कारण ते लोक म्हणजेच काम, हे सरकारनेही मानलं आहे.

दुसरा गोंधळ पाच टक्क्यांचा. उद्यमबाग, मच्छेकडचे कारखानदार आपुलकीने मदत करतात. फौंड्रीवाल्यांनी शाळांना बाकं दिली, पाण्याच्या टाक्या दिल्या, हे मी स्वतः नोंदवलं आहे. पण कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठी राखलेल्या निधीतून, पैसे द्यायची वेळ आली की त्यांचा अकौंटंट म्हणतो, "नियमाप्रमाणे तुमचा ऑफिसखर्च पाच टक्क्यांतच बसवा." कंपनी कायदा २०१३ खालच्या सीएसआर नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे खरी, पण ती कंपनीने सीएसआर सांभाळण्यासाठी स्वतः केलेल्या प्रशासकीय खर्चाला आहे. काम करणाऱ्या संस्थेच्या पगार-भाड्यावर ती घातलेली नाही. कुणी असं म्हटलं तर नियम एकदा एकत्र बसून वाचा. मी असं दोन-तीनदा केलं आहे आणि समोरच्यांनी ऐकून घेतलं आहे.

आणि आयकराची नोंदणी असलेल्या साध्या ट्रस्टला काय बंधन? उत्पन्नातले किमान पंच्याऐंशी टक्के उद्देशांसाठी वापरायचे. पंधरा टक्क्यांहून जास्त शिल्लक ठेवायची असेल तर कारण देऊन तसं कळवायचं. उद्देश पुरा करण्यासाठी दिलेला पगार, भाडं, वीजबिल हे या वापरातच मोजलं जातं.

"शंभर टक्के थेट गरजूंना"

असं लिहिलेलं पत्रक हातात आलं तर एकच विचारा : मग फोनचं बिल, गाडीचं डिझेल आणि ऑडिटरची फी कोण भरतं? प्रामाणिक संस्था लगेच सांगते. "अध्यक्षांच्या दुकानाच्या माळ्यावर ऑफिस आहे, भाडं घेत नाहीत," किंवा "एक देणगीदार फक्त तेवढ्यासाठीच देतात." हे चांगलंच आहे, पण खर्च असतोच, तो दुसरा कुणीतरी सोसत असतो. पुढचा प्रश्न असा की ती व्यक्ती थकली, गेली, दुकान विकलं, तर? आपल्याकडच्या कितीतरी संस्था एका माणसाच्या खिशावर उभ्या राहिल्या आणि त्याच्यानंतर दोन वर्षांत कुलूप लागलं.

काही जण खर्च दुसऱ्या नावाखाली घालतात. अधीक्षिकेचा पगार "शैक्षणिक साहित्य" या ओळीत, टेम्पोचं भाडं "अन्नधान्य" या ओळीत. लुबाडण्यासाठी नव्हे, देणगीदार रागावतील या भीतीने. अशी वही मी लिहायला घेत नाही. पण ती भीती कुणी घातली याचा विचार देणाऱ्यांनीही करावा. खरं सांगितलं तर देणगी जाते आणि लपवलं तर मिळते, असं झालं की सरळ संस्थेलाही वाकडं व्हावं लागतं.

आपल्या मराठी मुलखात या विषयावरचा सगळ्यात मोठा दाखला रयत शिक्षण संस्थेचा आहे. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी ती काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा दिलं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते मंगळसूत्र कुठल्या इमारतीच्या पायात गेलं नाही. ते गेलं त्या आठवड्याच्या धान्याला. म्हणजे चालू खर्चालाच. त्या त्यागापुढे आपण हात जोडतो आणि आज एखादी संस्था किराणा आणि पगारासाठी मागते तेव्हा तोंड वाकडं करतो, हे मला फार लागतं.

वस्तू देणाऱ्यांसाठी

ऑगस्ट २०१९चा पूर आठवा. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा तिन्ही नद्या फुगल्या. चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाककडे गावंच्या गावं पाण्यात. मदतीला माणसं धावली, आणि मनापासून धावली. ट्रक भरभरून कपडे आले. चिकोडी तालुक्यातल्या एका शाळेच्या आवारात मी तो ढीग पाहिला. वर पावसाने भिजलेल्या साड्या, खाली लहान मुलांचे स्वेटर, एकेरी चपला, बटणं नसलेले शर्ट. निवडायला माणसं नव्हती, ठेवायला कोरडी जागा नव्हती, आत गावात न्यायला टेम्पोचे पैसे नव्हते. रस्त्याकडेच्या घरांना तीन-तीन वेळा पाकिटं मिळाली आणि मळ्यात अडकलेल्या कुटुंबांपर्यंत कुणी पोचलं नाही, कारण घरोघर जाऊन यादी करायला कुणी पैसे दिले नव्हते. यादी करणं हा "ऑफिसखर्च" ठरला होता. भिजलेले कपडे शेवटी कुजले.

म्हणून वस्तू देताना तिच्याबरोबर ती पोचवायचे, साठवायचे आणि वाटायचे पैसेही द्या. आधी फोन करून विचारा, काय हवंय आणि काय नको.

शववाहिका, रुग्णवाहिकेचंही तसंच. गाडी द्यायला दाते पुढे येतात, दारावर वडिलांचं नाव रंगवतात, पूजा होते, फोटो निघतो. ड्रायव्हरचा पगार, विमा, फिटनेस, टायर आणि डिझेल कुणाच्याच यादीत नसतात. मी हिशेब बघत असलेल्या एका मंडळाची गाडी याच कारणाने बरेच महिने उभी होती. आता त्यांनी ठराव केला आहे : गाडी देणाऱ्याने निदान तीन वर्षांचा ड्रायव्हर आणि विमा यांची सोय लावून द्यावी. मला हा ठराव फार पटतो. बाकीच्या मंडळांनीही तो उतरवून घ्यावा.

गावोगावच्या वाचनालयांनाही हेच लागू. येळ्ळूर, कडोली, उचगावची साहित्य संमेलनं आपण वर्गणी काढून मोठ्या हौसेने करतो, मंडपाला कमी पडू देत नाही. आणि सीमाभागातल्या मराठी वाचनालयाला द्यायचं म्हटलं की घरातली जुनी पुस्तकं गोणीत भरून पाठवतो. पुस्तकं हवीतच. पण संध्याकाळी पाच ते आठ दार उघडून बसणारं, पुस्तकाला पुठ्ठा घालणारं, "ते नको, हे वाच" असं पोराला सांगणारं माणूस नसेल तर कपाटाचं कुलूप गंजतं. ग्रंथपालाच्या मानधनासाठी दिलेले महिन्याचे पाचशे रुपये गोणीभर पुस्तकांपेक्षा जास्त पोरांपर्यंत मराठी पोचवतात, असं माझं ठाम मत आहे.

खरोखर सावध कधी व्हायचं

खर्च असणं यात वाईट काही नाही. वाईट काय, ते या वह्यांत वेगळ्या ठिकाणी दिसतं.

पैसे संस्थेच्या खात्यावर न घेता "माझ्या नंबरवर फोन पे करा" म्हणत असतील तर तिथेच थांबा. छापील क्रमांकाची पावती नसेल तरी थांबा. ताळेबंदात "विश्वस्तांना दिलेली उचल" किंवा "येणे" अशी मोठी रक्कम वर्षानुवर्षं तशीच पडून असेल तर ती का वसूल होत नाही ते विचारा. जागा विश्वस्ताच्याच घरची असू शकते, नातेवाईक नोकरीत असू शकतो. त्यात गुन्हा नाही, पण भाडं आजूबाजूच्या दराने आहे का आणि पगार कामाच्या मानाने आहे का, ते बघायचं. वाजवीपेक्षा जास्त फायदा विश्वस्तांना किंवा त्यांच्या घरच्यांना दिला तर संस्थेची आयकराची सूटच धोक्यात येते.

मोठ्या रोख व्हाउचरांवरही नजर टाका. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिले तर आयकराच्या हिशेबात तो खर्च धरला जात नाही, त्यामुळे जाणकार संस्था मोठी रक्कम चेकने किंवा खात्यावरच देते. "किरकोळ खर्च" ही ओळ किरकोळच हवी. ती लाखात गेली की तिचे तुकडे मागा.

देणगी गोळा करायचा खर्च वेगळा विचारा. फोन करून किंवा दारोदार फिरून मागणाऱ्याला जमलेल्या रकमेवर कमिशन आहे का, एवढंच. पगारी माणूस देणगी मागायला येतो यात गैर काही नाही. कमिशनवर काम चालतं तिथे मात्र मी स्वतः देत नाही.

आणि उलटीकडूनही बघा. बँकेत एफडी मोठमोठ्या, इमारत निधी दरवर्षी फुगतोय, आणि काम करणाऱ्या बाईला महिन्याला चार हजार. अशी संस्था कागदावर फार "काटकसरी" दिसते. माझ्या मते तिथे काहीतरी मोठं चुकतंय. स्वस्तात माणूस राबवून कमी दाखवलेला खर्च ही काटकसर नव्हे.

द्यायचे कसे

नाव लावायची हौस असेल तर लावा, त्यात लाज नाही. पण बऱ्याच जणांना कायम निधी द्यायचा असतो, म्हणजे मुद्दल राहील आणि व्याजातून काम होईल. लाखाला सात टक्के धरले तर वर्षाला सात हजार. वरच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकेचा अर्ध्या महिन्याचा पगार त्यातून निघेल. कायम निधी द्या, पण तेवढ्यावर संस्था चालते असं समजू नका.

जमेल तर दर महिन्याला थोडं द्या. बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवलेले पाचशे रुपये वर्षातून एकदा दिलेल्या सहा हजारांपेक्षा संस्थेला जास्त उपयोगी पडतात, कारण पगार दर महिन्याला द्यायचा असतो आणि देणग्या येतात त्या वाढदिवसाला, पितृपक्षात आणि मार्चअखेर. जून ते ऑगस्ट हातात काही नसतं, आणि नेमक्या त्याच वेळी मुली नव्या वर्षासाठी येतात, धान्य भरायचं असतं, छत गळत असतं.

"फक्त वह्यांसाठी" अशी अट शक्यतो घालू नका. अट घातलेला पैसा संस्थेला दुसरीकडे वापरता येत नाही. वह्या शिल्लक आणि गॅसला पैसे नाहीत, अशी वेळ येते. अट घालायचीच असेल तर सगळ्यात नावडत्या ओळीसाठी घाला : हिशेबनीस, वीज, रात्रीची बाई. गणपतीत महाप्रसाद घातला की आपण आचाऱ्याचे, भाड्याच्या भांड्यांचे आणि गॅसचे पैसे तांदळाच्या पैशांइतक्याच सहजपणे देतो ना, त्याच मनाने द्या.

संस्था चालवणाऱ्यांनाही दोन शब्द. खर्च लपवू नका. पत्रकात ओळी स्पष्ट लिहा, सभेत मोठ्याने वाचा, विचारणाऱ्यावर चिडू नका. कुठल्याही नव्या कामाचं अंदाजपत्रक करताना पगार, प्रवास, भाडं, ऑडिट यांचा वाटा पहिल्या पानावरच धरा. तो न धरता काम घेतलंत तर दुसऱ्या वर्षी कुणाचा तरी पगार थकतो, आणि थकतो तो नेहमी सगळ्यात गरीब कामगाराचा. वसतिगृहातली स्वयंपाकीण असते ती.

पैसे देताना चेकच्या मागे किंवा ट्रान्सफरच्या शेऱ्यात "सर्वसाधारण निधी" लिहा, पावतीवरही तेच लिहून घ्या, आणि पॅन त्याच दिवशी कळवा. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत देणगीचं प्रमाणपत्र हातात आलं नाही तर फोन करा. फोन उचलणाऱ्या बाईंचं नाव विचारून ठेवा. पुढच्या वेळी त्यांच्याशीच बोलायचं असतं.